शहात्तर आसनांची वेस

मुलाकडे अगर मुलीकडे अमेरिकेस जाऊन आलेल्या आमच्या पुष्कळ वाचकांस एक अनुभव खचित आला असेल. मुंबईहून निघालेलें प्रचंड विमान न्यूअर्कला उतरतें, आणि तेथून मुलाच्या गांवीं नेणारें विमान पाहावें तों अगदींच चिमुकलें! हातांतली पेटीहि वरच्या कप्प्यांत मावत नाहीं. ती दाराशींच काढून घेतात. विमानाच्या अंगावर नांव त्याच बड्या कंपनीचें असतें खरें, पण दाराजवळ बारीक अक्षरांत दुसरेंच एक नांव लिहिलेलें असतें. विमान चालविणारे लोक त्या दुसऱ्या कंपनीचे नोकर होत.

अशा विमानांत आसनें किती असावींत हें कोण ठरवितें? तें बांधणारा अभियंता, असें आपण सहज म्हणूं. वस्तुतः तें ठरतें बडी कंपनी आणि तिचे स्वतःचे वैमानिक यांच्यामधील करारानें. या करारांतील एका कलमास तिकडे ‘स्कोप क्लॉज’ म्हणतात. आपण त्यास मर्यादा-कलम म्हणूं. अमेरिकन, डेल्टा व युनायटेड या तिन्ही कंपन्यांच्या करारांत असें आहे कीं, दुय्यम कंपनीकडून चालविल्या जाणाऱ्या जेट विमानांत ७६ हून अधिक आसनें नसावींत, आणि त्याचें उड्डाणसमयींचें कमाल वजन ८६ हजार पौंडांपलीकडे, म्हणजे सुमारें ३९ हजार किलोंपलीकडे, जाऊं नये. शिवाय अशीं विमानें किती ठेवावींत यासहि बंधन आहे.

याचें मूळ १९७८ सालांत आहे. त्या वर्षीं अमेरिकन सरकारनें विमानांचे मार्ग व भाडीं ठरविण्याचें काम सोडून दिलें. बड्या कंपन्यांनीं मग कांहीं शहरें केंद्रें म्हणून धरलीं, आणि लहान गांवांतून उतारू तेथपर्यंत आणून सोडण्याचें काम दुय्यम कंपन्यांस मक्त्यानें दिलें. प्रथम हीं विमानें पंख्याचीं होतीं. पुढें १९९३ पासून पन्नास आसनांचीं जेटें आलीं, तेव्हां बड्या कंपन्यांचे वैमानिक सावध झाले. आज पन्नास, उद्यां सत्तर, परवां शंभर. मग निम्म्या पगाराच्या माणसाकडून तेंच काम होत असतां आपणांस कोण विचारणार? आम्हांस ही भीति मुळींच अवास्तव वाटत नाहीं. मालक खर्चाच्या उताराकडेच वाहत जातो. त्यास बांध घालणें नोकरवर्गास प्राप्तच आहे.

पण बांध घातला कीं पाणी कोठें कोठें तुंबतें हें पाहणें मोठें मौजेचें आहे. ब्राझीलच्या एम्ब्राएर कंपनीचें १७५ जातीचें विमान घ्या. हॉलंडमध्यें त्यांत ८८ माणसें बसतात; अमेरिकेंत तेंच विमान ७६ जणांना घेऊन उडतें. याच विमानाची सुधारून वाढविलेली, कमी इंधन खाणारी आवृत्ति त्या कंपनीनें काढली. २०१९ च्या डिसेंबरांत ती प्रथम उडाली. परंतु नवीं यंत्रें जड, वजन ४४ हजार किलोंच्या वर गेलें, आणि अमेरिकेची वेस बंद झाली. २०२२ सालीं तिचें काम तीन वर्षांकरितां थांबविण्यांत आलें. जुनी आवृत्ति मात्र विकली जातच राहिली.

याहून नवलाची गोष्ट म्हणजे, सत्तर आसनांचें कॅनडांत बांधलेलें एक विमान २०१९ सालीं युनायटेडकरितां मुद्दाम पन्नास आसनांचें करण्यांत आलें. कारण मोठ्या जातीच्या विमानांची ठरलेली संख्या भरली होती! मोकळ्या झालेल्या जागेंत सामानाचीं कपाटें बसविलीं. पन्नास या आंकड्यास आणखीहि एक महत्त्व आहे: तेथवर एक परिचारिका पुरते, एक्कावन्नावें आसन आलें कीं कायद्यानें दुसरी ठेवावी लागते. पटावर एक मूल वाढलें म्हणून दुसरा शिक्षक मंजूर झालेला ज्यांनीं पाहिला आहे, अशा आम्हां शाळामास्तरांना हें गणित नवें नाहीं.

इथवर सर्व गमतीचें. आतां वैमानिकाच्या घराकडे वळूं.

प्रत्येक वैमानिकाचें एक ठाणें ठरलेलें असतें. त्यास ते ‘बेस’ म्हणतात. त्याची फेरी तेथून सुरू होते व तेथेंच संपते. ठाणें मिळतें सेवाज्येष्ठतेच्या क्रमांकावर, आणि कंपनी बदलली कीं तो क्रमांक पुन्हा तळापासून. दुय्यम कंपनीचे मार्ग बडी कंपनी ठरविते; तिनें एखादें केंद्र मोडलें कीं तेथील ठाण्यावरहि गदा येते. बायकामुलांचें बिऱ्हाड दर वेळीं कोण हलविणार? मग घर एका टोकास आणि ठाणें दुसऱ्या. डेक्कन क्वीननें पुण्याहून मुंबईस नोकरीला जाणारे गृहस्थ आपणांस ठाऊक आहेत. हे लोक तसेच, फक्त हजारों मैलांवरून, रिकामें आसन मिळेल त्या विमानानें येतात. ठाण्याजवळ आठदहा जणांनीं मिळून घेतलेल्या खोलींत एकावर एक रचलेल्या खाटा असतात. तीहि न परवडल्यास कर्मचाऱ्यांच्या खोलींतील कोच.

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्रीं कोलगन एअर या दुय्यम कंपनीचें विमान न्यूअर्कहून बफेलोस जातांना गांवाजवळ एका घरावर कोसळलें. विमानांतील ४९ आणि घरांतील एक, अशीं पन्नास माणसें गेलीं. विमान ७४ आसनांचें होतें. बड्या कंपनीच्या करारांत पन्नासाची मर्यादा जेटांस होती, पंख्याच्या विमानांस नव्हती, म्हणूनच तें दुय्यम कंपनीकडे देतां आलें होतें. सहवैमानिक तरुणी सिअ‍ॅटलला आईबापांकडे राहत असे. ती सुमारें चार हजार किलोमीटरांवरून, आदल्या रात्रीं मालवाहू विमानांत बसून, मेंफिसमार्गें सकाळीं न्यूअर्कला पोंचली होती. मुख्य वैमानिकाचें घर फ्लोरिडांत. त्यानें रात्र कर्मचाऱ्यांच्या खोलींत काढली. वेग घटल्याची सूचना मिळतांच जें करावयास हवें त्याच्या उलट त्यानें केलें, हें चौकशीमंडळानें मुख्य कारण ठरविलें. थकव्याचा परिणाम असावा, पण किती तें मोजतां येत नाहीं, असेंहि नमूद केलें.

मृतांच्या आप्तांनीं वॉशिंग्टनला खेटे घातले, आणि २०१० सालीं कायदा झाला. सहवैमानिकासहि बहुधा दीड हजार तासांचा अनुभव हवा, हा नियम २०१३ पासून आला. कामापूर्वीं दहा तासांची विश्रांति २०१४ पासून सक्तीची झाली. तिकीट विकतांना विमान वस्तुतः कोण चालवितो हेंहि आरंभींच दाखवावें लागतें. दाराजवळचीं तीं बारीक अक्षरें आतां घरबसल्या वाचतां येतात, आणि मुलांनीं तिकीट काढून पाठविलें म्हणजे तीं वाचावींत अशी आमची सूचना आहे. २०२२ पासून दुय्यम कंपन्यांतील पगारहि बरेच वाढले.

घरापासून ठाण्यापर्यंतचा प्रवास मात्र अजूनहि नोकरींत मोडत नाहीं. ताजेतवानें होऊन कामावर यावें, एवढेंच नियम सांगतो; रात्र कोठें व कशी काढली हें ज्याचें त्यानें पाहावयाचें.