‘खाण तशी माती’ची नवी आवृत्ती

‘खाण तशी माती’ ही म्हण आमच्या सुशिक्षित घरांतून आजही मोठ्या विश्वासाने उच्चारली जाते. फरक इतकाच की, आता तिच्या जोडीला ‘जनुक’ हा शब्द आला आहे. आपल्या मुलास गणित आले की ते घराण्याच्या रक्तातले, आणि मोलकरणीच्या मुलास आले नाही तर तेही त्याच्या रक्तातले! शास्त्राच्या नावाने चाललेला हा न्याय शास्त्राला मुळीच मान्य नाही.

सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव घ्या. त्यांचे वडील दादासाहेब पैलवान होते. ‘कुस्ती रक्तातच असते’ म्हणणारांना याहून सोयीचे उदाहरण मिळावयाचे नाही. परंतु बापाने रक्त दिले त्याच घरात तालमीचे वेडही दिले. दोन्ही एकाच हाताने मिळाली असता त्यांची वाटणी करणार कशी? १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये खाशाबा सहावे आले. मातीत घडलेल्या मल्लाला गादी आणि तिचे नियम परके होते. १९५२ साली हेलसिंकीस त्यांनीच कांस्यपदक मिळविले. मधल्या चार वर्षांत त्यांचे रक्त खास बदलले नव्हते! सराव बदलला होता, आणि त्यांना पाठविण्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर ७,००० रुपयांस गहाण टाकले होते. ते घर कोणत्या जनुकात बसवावयाचे, हे रक्तवाद्यांनी सांगावे.

माणसाचा दाखला वादग्रस्त वाटत असेल, तर सांगली जिल्ह्यात तासगावच्या द्राक्षबागा पाहाव्यात. तेथे द्राक्षाच्या काडीचे कलम अमेरिकेतून आलेल्या ‘डॉगरिज’ खुंटावर करतात. काडी तीच, पण या मुळांच्या आधाराने ती पाण्याची ओढ आणि जमिनीतील क्षार सोसते. घडाचे श्रेय शेकडा किती काडीचे आणि किती खुंटाचे, असे विचारणाऱ्यास बागाईतदार हसेल.

बीज म्हणजे काहीच नव्हे, असे मात्र आमचे म्हणणे नाही. तालमीत घुमणारा प्रत्येक पोरगा खाशाबा होत नाही. पण जन्मजात म्हणजे अटळ, हा निष्कर्ष कोठून आला? फेनिलकीटोनुरिया हा अस्सल आनुवंशिक रोग. तथापि तो जन्मतःच ओळखून आहारातील फेनिलॲलानीन बेताचे ठेवले, तर त्यापासून येणारे बुद्धिमांद्य टळते. रोगाच्या बीजालाही जेवणाच्या ताटापुढे नमावे लागते, मग गणिताची काय कथा?

आणि बीजाची पारख करावयाची तर जमीन सारखी हवी, हे शेतकऱ्याच्या पोरालाही कळते. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढून निरनिराळ्या जातींची मुले एका छपराखाली ठेवली आणि एका पंगतीस बसविली. आमच्या दिवाणखान्यांतून मोलकरणीच्या मुलाच्या बुद्धीवर निकाल देणाऱ्या किती जणांनी, तो मुलगा रात्री अभ्यासास कोठे बसतो, हे एकदा तरी तिला विचारले आहे?