विश्लेषण : लघुउद्योगाची गाडी यंत्रापाशी अडते की उधारीपाशी?

‘खर्च कमी करा, नवे तंत्रज्ञान आणा, बाजार बदलतो तसे बदला’ हा सल्ला लघुउद्योजकाला प्रत्येक मेळाव्यात ऐकायला मिळतो. सल्ला चुकीचा नाही. पण माल पोहोचवून तीन महिने झाले तरी पैसे हाती येत नसतील, तर बदलायचे कशाच्या जोरावर? ४५ दिवसांत पैसे देण्याचा कायदा २००६ पासून आहे. तरीही उधारीचे चक्र का थांबत नाही?

बाजार कसा बदलतो आहे?

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यातले उदाहरण घेऊ. मोठ्या वाहन कारखान्यांच्या आधाराने इथे सुटे भाग बनवणारी हजारो छोटी वर्कशॉप उभी राहिली. त्यातल्या अनेकांचे पोट इंजिनावर चालते. पिस्टन, क्रँकशाफ्ट, क्लच, सायलेन्सर, इंधन टाकी यांची साखळी मोठी आहे. बॅटरीवरच्या गाडीत यातले काहीच लागत नाही. तिथे मोटर, बॅटरीचे कवच, तांब्याच्या पट्ट्या, अॅल्युमिनियमचे हलके भाग लागतात. पेट्रोल-डिझेलच्या गाड्या उद्याच बंद होणार नाहीत, पण नव्या ऑर्डरींचे वळण बदलते आहे. एकाच भागाचे हजारो नग महिनोन्‌महिने काढण्याऐवजी थोडे नग, वेगवेगळे नमुने आणि कमी मुदत अशी मागणी येते. त्यासाठी नवे डाय, नवे फिक्श्चर, अचूक मोजमापाची साधने आणि शिकलेला ऑपरेटर हवा. या प्रत्येक गोष्टीला आधी रोख पैसा लागतो.

पैसा नेमका अडकतो कुठे?

हिशेब सोपा आहे. समजा, एका वर्कशॉपची वर्षाची उलाढाल १ कोटी २० लाख, म्हणजे महिन्याला १० लाख रुपये आहे. ग्राहक कंपनी ९० दिवसांनी पैसे देत असेल, तर कोणत्याही दिवशी ३० लाख रुपये बाहेर अडकलेले असतात. ही तूट बँकेच्या कॅश क्रेडिटमधून १२ टक्क्यांनी भरून काढली, तर वर्षाचे व्याज ३ लाख ६० हजार होते. मुदत ४५ दिवसांवर आली, तर व्याज निम्मे होते आणि वर १५ लाख रुपये मोकळे होतात. नव्या यंत्राच्या कर्जासाठी स्वतःचा हिस्सा म्हणून ही रक्कम उपयोगी पडू शकते.

दुसरीकडे, देणी मात्र थांबत नाहीत. पगार, वीजबिल आणि कच्च्या मालाचे पैसे वेळेवर द्यावे लागतात. जीएसटी तर बिल फाडले की लागू होतो. ग्राहकाने एक रुपयाही दिलेला नसला, तरी कच्च्या मालावर भरलेला कर वजा करून उरलेला कर साधारणपणे पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावाच लागतो. म्हणजे छोटा पुरवठादार मोठ्या ग्राहकाला बिनव्याजी कर्ज देतो आणि त्या कर्जावरचे व्याज स्वतः बँकेत भरतो. दोन टक्के बचतीसाठी जो रात्रपाळीचे वेळापत्रक बदलतो, त्याची त्याहून मोठी रक्कम या व्याजात जाते.

कायदा काय सांगतो?

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ च्या कलम १५ नुसार, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करारात ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात. ही मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवस. करारात ९० दिवस लिहिले, तरी कायद्यापुढे ते टिकत नाहीत. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोहोचला तोच दिवस स्वीकारल्याचा दिवस धरला जातो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दरा’च्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते.

२०२३ च्या अर्थसंकल्पाने याला प्राप्तिकराची जोड दिली. कलम ४३बी (एच) १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. मुदत उलटल्यावर दिलेली रक्कम ग्राहकाला, ज्या वर्षी ती प्रत्यक्ष दिली त्याच वर्षी खर्च म्हणून दाखवता येते. म्हणजे मार्चअखेर थकबाकी ठेवली, तर त्या वर्षी कर जास्त.

हे संरक्षण सूक्ष्म आणि लघु उद्योगांनाच आहे, मध्यम उद्योगांना नाही. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा अडीच कोटींची गुंतवणूक व १० कोटींची उलाढाल, तर लघु उद्योगाची २५ कोटी व १०० कोटी अशी आहे. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना ‘उद्यम’ नोंदणी मिळते, पण ती बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरती.

मग पैसे वेळेवर का येत नाहीत?

पहिले कारण, करतरतुदीची पळवाट. ती मार्चअखेरीलाच बोचते. जूनमधल्या मालाचे पैसे ४५ दिवसांऐवजी १२० दिवसांनी, पण त्याच आर्थिक वर्षात दिले, तर ग्राहकाचा कर एक रुपयानेही वाढत नाही. त्यामुळे मार्चमध्ये जुनी देणी भराभर चुकती होतात आणि एप्रिलपासून जुनेच चक्र सुरू होते.

दुसरे कारण अधिक खोल आहे. थकबाकीसाठी सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, राज्याच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. परिषदेच्या निर्णयाला आव्हान द्यायचे तर ग्राहकाला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. कागदावर हे हत्यार धारदार आहे. पण ज्याची ७०-८० टक्के कामे एकाच कंपनीकडून येतात, तो तिच्याविरुद्ध तक्रार कशी करणार? तक्रार जिंकली आणि ऑर्डर गेली, तर वर्कशॉपला टाळेच लागायचे. व्याज मागण्याचा हक्क असूनही ते मागणारे म्हणूनच विरळा.

‘ट्रेड्स’मुळे काय साधते?

रिझर्व्ह बँकेने आखलेली ‘ट्रेड्स’ ही बिलांवर पैसे उभारण्याची ऑनलाइन व्यवस्था यातला मधला मार्ग आहे. पुरवठादार बिल चढवतो, ग्राहक ते मान्य करतो, बँका व वित्तसंस्था व्याजदराची बोली लावतात आणि पुरवठादाराला लगेच पैसे मिळतात. दर ग्राहक कंपनीच्या पतीवर ठरतो, त्यामुळे तो सहसा छोट्या उद्योजकाच्या कॅश क्रेडिटपेक्षा स्वस्त पडतो. ग्राहकाने पुढे पैसे बुडवले, तरी वसुलीचा भार पुरवठादारावर येत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने २५० कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना या व्यवस्थेवर नोंदणी सक्तीची केली. त्याआधी ही मर्यादा ५०० कोटी होती. मात्र सक्ती नोंदणीची आहे. बिल मान्य करण्याची मेख ग्राहकाच्याच हाती राहते. नोंदणी करून बिलेच मान्य केली नाहीत, तर दार उघडे ठेवून साखळी लावल्यासारखेच.

जपानचा अर्धाच धडा?

कार्यक्षमतेचा विषय निघाला की टोयोटाच्या ‘जस्ट इन टाइम’चे नाव येते. लागेल तेवढाच माल, लागेल तेव्हाच आणायचा, साठा करायचा नाही. आपल्याकडील मोठ्या कारखान्यांनी हे तंत्र उचलले. माल तासाच्या हिशेबाने मागवला जातो, साठ्याचा भार पुरवठादार वाहतो. पण त्याच जपानने १९५६ मध्ये उपकंत्राटदारांसाठी कायदा केला आणि पुढे त्यात माल मिळाल्यापासून ६० दिवसांच्या आत पैसे देण्याचे बंधन घातले, हे क्वचितच सांगितले जाते. मालाला घड्याळ आणि पैशाला कॅलेंडर ही कार्यक्षमता एकतर्फी आहे.

लघुउद्योजकाच्या हाती काय?

पैसे वेळेवर आले की वर्कशॉप आपोआप सुधारते, असेही नाही. रिजेक्शन किती, एका कामावरून दुसऱ्या कामावर यंत्र लावायला किती वेळ जातो, कोणत्या ऑर्डरमध्ये खरोखर नफा उरतो, याचा हिशेब अनेक ठिकाणी मालकाच्या डोक्यातच असतो. तो कागदावर यायला हवा. ‘उद्यम’ क्रमांक प्रत्येक बिलावर छापणे, मुदत लेखी घेणे, चलनावर माल मिळाल्याची तारीख व सही घेणे, या बिनखर्चाच्या गोष्टी आहेत. भाव सांगताना ९० दिवसांचे व्याज त्यात धरायला हवे. एकाच ग्राहकावरचे अवलंबित्व कमी करायला वेळ लागतो, पण सुरुवात छोट्या दुसऱ्या ग्राहकापासूनच होते. आणि आपल्याहून लहान जॉबवर्कवाल्याचे पैसे थकवून वरच्या उशिराची भरपाई करण्याची सवयही सोडावी लागेल.

तरीही मुख्य जबाबदारी वरच्या टोकाची आहे. करसवलत मार्चअखेरीऐवजी प्रत्येक बिलाच्या मुदतीशी जोडणे, उशिराचे व्याज तक्रारीची वाट न पाहता देय ठरवणे आणि ‘ट्रेड्स’वर नोंदणीऐवजी मान्य केलेल्या बिलांचा हिशेब मागणे, हे सरकारला करता येण्यासारखे आहे. विजेवरच्या गाड्यांकडे वळण्याची मुदत कोणी वाढवून देणार नाही. त्या वळणावर छोटा पुरवठादार टिकावा असे वाटत असेल, तर त्याला प्रशिक्षणाच्या आणखी एका शिबिराआधी त्याचेच पैसे वेळेवर मिळायला हवेत.