इंजिनिअरची गरज हिशेबालाही आहे

हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरीचा मुलगा इंजिनिअर होऊन बँकेत लागला की ‘शिक्षण वाया गेलं’ म्हणून हळहळणारे भेटतात. ही हळहळ चुकीची आहे.

डॉ. विजय केळकर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे पदवीधर. पुढे बर्कलीत अर्थशास्त्राची डॉक्टरेट, मग केंद्रीय अर्थसचिवपद आणि तेराव्या वित्त आयोगाचे अध्यक्षपद. मराठवाड्यासह राज्याच्या प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करणारी २०११ची समितीही त्यांच्याच अध्यक्षतेखाली होती.

इंजिनिअरिंगमध्ये मुरलेली आकड्यांची शिस्त आपल्याकडच्या हळदीच्या व्यवहारालाही लागते. शिजवून, वाळवून, पॉलिश केलेला माल एकदम मोंढ्यात आला की भाव पडतात. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत माल गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजाने मिळते. लाखाच्या हळदीवर ७५ हजार, सहा महिन्यांचे व्याज २,२५० रुपये. आता विकायचे की थांबायचे, हे अपेक्षित भाव, व्याज आणि वजनातली घट धरून ठरवावे लागते. शेतकरी कंपन्यांना असा हिशेब मांडणारी माणसे हवी आहेत.

नांदेडसारख्या ठिकाणच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षी ताळेबंद वाचायला शिकवावे. हिंगोली जिल्ह्यातल्या बँकांनी आणि शेतकरी कंपन्यांनी या मुलांना हळदीच्या हंगामात उमेदवारीवर घ्यावे.