तिसरीत न तपासलेल्या मुलाला पाचवीत नापास का करता?

संपादक महाशय,


पाचवीच्या वार्षिक परीक्षेत गणितात अनुत्तीर्ण होणाऱ्या मुलांना त्याच वर्गात ठेवल्याखेरीज शिक्षणाला शिस्त लागणार नाही, असे प्रतिपादन करणारी जी पत्रे आपल्या स्तंभात या आठवड्यात लागोपाठ प्रसिद्ध झाली, ती वाचून मन व्यथित झाले. कारण ज्याला गणित येत नाही त्याला ते का येत नाही, एवढा साधा प्रश्न त्यांपैकी एकाही लेखकाला पडलेला नाही. प्रगतिपुस्तकावर ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शेरा मारला की शाळेचे कर्तव्य संपले, अशी ही समजूत आहे.

कायदा याहून शहाणा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 ने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली आणि अंकांचे आकलनच मुळात न होणे, ज्यास डिस्कॅल्क्युलिया म्हणतात, त्याचाही तीत अंतर्भाव केला. 4 जानेवारी 2018 च्या केंद्रीय राजपत्रातील मार्गदर्शक सूचनांनी तर असे बजावले की, शाळा सरकारी असो वा खासगी, तेथे मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली एक समिती असावी आणि मूल तिसरीत असताना किंवा आठ वर्षांचे होताच, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, शिक्षकांनी त्याची प्राथमिक चाचणी घ्यावी. तिसरीत! गडचिरोलीच्या या जंगलपट्ट्यात मी उभी हयात शिक्षकी केली, निवृत्तीनंतरही शाळांतून माझे जाणेयेणे आहे. अशी समिती माझ्या पाहण्यात आलेली नाही.

माझ्याकडे संध्याकाळी येणारा एक माडिया आदिवासी मुलगा मे महिन्यात आईबरोबर तेंदूपत्ता तोडतो आणि 70 पानांचा पुडा एकही पान न चुकता बांधतो. तोच मुलगा वहीत ‘एकशे पाच’ हे 1005 असे लिहितो. त्याचे मोजणे शाबूत आहे. शाळेची मराठी आणि अंकांची स्थानिक किंमत यांच्या सांध्यात तो अडखळतो. त्याच्याच वर्गातील एक मुलगी मराठी अस्खलित बोलते, कविता तोंडपाठ म्हणते. परंतु चिंचोक्यांचे दोन ढीग, एक पाचांचा व एक सातांचा, तिच्यापुढे ठेवले तर एकेक चिंचोका मोजल्यावाचून मोठा ढीग कोणता हे तिला सांगता येत नाही, आणि आठात पाच मिळवताना ती दर वेळी बोटांवर एकपासून आरंभ करते. पहिल्याला त्याच्या बोलीतून समजावणारा गुरुजी हवा, दुसरीला तज्ज्ञाची तपासणी. दोघांच्या प्रगतिपुस्तकांवर शेरा मात्र एकच!

‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या अवघ्या 30.7 टक्के मुलांना भागाकार जमला. उरलेली सारी मुले आळशी आहेत, असे या पत्रलेखकांना म्हणावयाचे आहे काय? ती सारीच डिस्कॅल्क्युलियाने ग्रस्त आहेत असेही नव्हे. पण जेथे बहुसंख्य वर्गच मागे पडलेला असतो, तेथे खरोखर अडलेले मूल कोणाच्याही नजरेस येत नाही आणि त्याच्या वाट्याला तोच पाठ, तीच छडी व आता तोच वर्ग पुन्हा येतो.

दहावीला अशा मुलांसाठी जादा वेळ, गणकयंत्र इत्यादी सवलती आहेत, परंतु अक्षमतेच्या दाखल्यावाचून नाहीत. आणि दाखला बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ व विशेष शिक्षक यांनी मिळून तपासल्यावाचून नाही. सिरोंच्याच्या मजुराने रोजी बुडवून पोराला सुमारे 200 किलोमीटरवरील गडचिरोलीस कितीदा न्यावे? आलापल्ली-सिरोंचा रस्त्याची वर्षानुवर्षे दुर्दशा चालली आहे. आजारी माणूस ज्या रस्त्याने धड पोहोचत नाही, त्या रस्त्याने गणितासाठी मुलाला नेण्याचे धाडस कोण करील? चंद्रपुरास 2015 पासून आणि गडचिरोलीस 2024 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील पथकाने महिन्यातून एकदा तालुक्याच्या ठिकाणी येऊन मुले तपासावीत, एवढी तजवीज दोन्ही जिल्हा परिषदांना अशक्य नाही.

ती तजवीज होईपर्यंत, ज्या मुलाची तिसरीत चाचणी घेतल्याची नोंद शाळेच्या दप्तरी नाही, त्याला केवळ गणितासाठी पाचवीत थांबवू नये, असा स्पष्ट लेखी हुकूम शिक्षणाधिकाऱ्यांनी येत्या निकालापूर्वी काढावा, ही माझी जाहीर मागणी आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, चामोर्शी (जि. गडचिरोली)