बातमीखाली नाव कुणाचं आहे?



आपल्या शाळांच्या परिपाठात सुविचार, दिनविशेष, बोधकथा आणि बातम्या असतात. एक मूल पेपर हातात धरून चार ठळक बातम्या वाचतं, बाकीची मुलं ऐकतात, आणि आपण पुढे प्रश्नमंजूषेकडे वळतो. त्या बातम्यांवर विश्वास ठेवायचा की नाही, यावर वर्गात कुणी बोलत नाही. घरी मात्र तेच मूल ऐकतं, "सगळे चॅनेलवाले विकले गेलेत. पेपरात काय, पैसे दिले की काहीही छापून येतं."

मोठ्यांचं हे बोलणं अगदीच खोटं नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत आपल्याच राज्यात पैसे घेऊन बातम्या छापल्याचं प्रकरण गाजलं. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या वृत्तपत्रांत एकाच नेत्याचं कौतुक करणारा मजकूर शब्दन्‌शब्द सारखा आला होता आणि त्यावर 'जाहिरात' असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. २०१६ मध्ये नोटाबंदीनंतर, दोन हजारांच्या नव्या नोटेत चिप आहे आणि ती जमिनीखाली पुरली तरी सापडते, असं काही वृत्तवाहिन्यांनी सांगितलं. रिझर्व्ह बँकेने दिलेल्या नोटेच्या वैशिष्ट्यांत अशी चिप नव्हतीच. त्यात रोज रात्रीच्या चर्चांमधला आरडाओरडा. मग लोकांचा विश्वास उडाला तर नवल काय?

पण इथेच एक गंमत पाहा. पेपरवर विश्वास नाही म्हणणारा माणूस व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर मात्र न वाचता पुढे ढकलतो. पेपरवरचा विश्वास गेला म्हणून माणूस सावध होतो असं नाही. तो विश्वास दुसरीकडे, बहुतेक वेळा आणखी वाईट ठिकाणी, जाऊन बसतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात काय झालं ते आठवा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. ती अफवा पहिल्यांदा कुणी लिहिली? त्या मजकुराखाली कुणाचंच नाव नव्हतं.

म्हणून मला वाटतं, मुलांना 'पेपरवर विश्वास ठेवा' किंवा 'ठेवू नका' हे शिकवायचंच नाही. 'हे चुकलं तर जबाब कोण देणार?' हा प्रश्न शिकवायचा.

टिळक-आगरकरांचं डोंगरीच्या तुरुंगातलं १०१ दिवसांचं प्रकरण आपण मुलांना शौर्यकथा म्हणून सांगतो. त्यातला अर्धा भाग मात्र गाळतो. कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाबद्दल कारभारी बर्वे यांच्या नावाची जी पत्रं होती, ती बनावट निघाली होती. खोटेपणा कळल्यावर संपादकांनी माफीही मागितली, तरी १८८२ मध्ये शिक्षा झाली आणि ती त्यांनी भोगली. म्हणजे 'केसरी'सारख्या पत्राचीही चूक झाली. पण चूक कुणाची हे सगळ्यांना माहीत होतं, कारण संपादक नावानिशी समोर उभे होते. मुलांना हा भाग सांगितला तर टिळक-आगरकर लहान होत नाहीत, उलट जबाबदारी म्हणजे काय ते कळतं.

आजचा कुठलाही पेपर घ्या. आत किंवा शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं आणि छापखान्याचा पत्ता असतो. १८६७ च्या कायद्याने मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण छापणं बंधनकारक झालं, पुढे संपादकाचं नावही आलं. कायदा इंग्रजांनी आपल्या सोयीसाठी केला असेल, पण वाचकाच्या हातात एक दोरी आली. भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे तक्रारही करता येते. तिचे हात तोकडे आहेत हे खरं. ती ताकीद देऊ शकते, नापसंती नोंदवू शकते, दंड करू शकत नाही, आणि वृत्तवाहिन्या तिच्या कक्षेत येतच नाहीत. पण फॉरवर्ड आलेल्या मजकुराविरुद्ध तक्रार करायची तर कुणाचं नाव लिहिणार?

हेही विसरू नका की २००९ चं ते प्रकरण पी. साईनाथ यांनी, म्हणजे एका पत्रकारानेच, उघड केलं आणि एका वृत्तपत्रानेच छापलं. 'सगळे विकले गेलेत' म्हणताना आपण अशा माणसांनाही त्याच माळेत ओवतो. मग प्रामाणिक राहण्याचा त्यांना फायदा काय?

वर्गात काय करता येईल? परिपाठातली बातमी वाचून झाली की फक्त पाच मिनिटं काढा. ही बातमी आहे, कुणाचं मत आहे की जाहिरात, हे मुलांनाच ओळखू द्या. पुरवणीतली बातमीसारखी दिसणारी जाहिरात शोधायला त्यांना फार आवडतं. ज्याच्यावर आरोप आहे त्याचं म्हणणं छापलंय का, हे विचारा. तीच बातमी दुसऱ्या पेपरात कशी आलीय, ते पाहायला सांगा. खर्च शून्य, आणि भाषेचा तासही होतो.

पालकहो, तुमच्याकडून एकच अपेक्षा. मुलासमोर 'सगळं खोटं असतं' म्हणण्याऐवजी 'हे कुणी सांगितलं, बघू' असं म्हणा. आणि फॉरवर्डचं बटण दाबण्याआधीही तेच म्हणा, कारण मूल तुमच्याकडे बघत असतं.

६ जानेवारीला आपण पत्रकार दिन साजरा करतो. १८३२ मध्ये त्या दिवशी 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर मुलांना शिकवणारे होते, मुलांसाठी पाठ्यपुस्तकं लिहिणारे होते. यंदा त्या दिवशी भाषणाऐवजी प्रत्येक गटाला एकेक जुना पेपर द्या आणि त्यातलं संपादकाचं नाव शोधायला सांगा.