बालरोगतज्ज्ञ मागायचा, पण बसवायचा कुठं?



दर पावसाळ्यात मेळघाटात लेकरं दगावतात, आणि दर पावसाळ्यात लेकरांचे डॉक्टर येतात. पंधरा दिवस राहतात, जातात. मग दुसरे येतात. हायकोर्टानं विचारलं की सरकार कागद दाखवतं, डॉक्टर दिला होता. दिला होता, खरं आहे. पण कोरकू आई 'लेकरू दूध ओढत नाही' हे कोणत्या शब्दात सांगते, ते पंधरा दिवसांत त्याला कसं कळावं?

म्हणून कायमचा डॉक्टर मागायचा, यावर आपल्यात भांडण नाही. भांडण पुढंच आहे. मागच्या बैठकीत ठराव आला की प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एक बालरोगतज्ज्ञ पाहिजे. टाळ्या खूप पडल्या. आम्हाला तो ठराव पटलेला नाही, आणि टाळ्या पडल्या म्हणून गप्प राहणं बरं नाही.

आदिवासी भागात २० हजार लोकांमागे एक केंद्र, हा सरकारचाच नियम. तिथं साधा एमबीबीएस टिकत नाही. तरी समजा, तज्ज्ञ आला. रात्री दीड किलोचं बाळ आलं, तर त्याला ऊब देणारं यंत्र लागतं, ऑक्सिजन लागतो, वीज लागते, जागणारी शिकलेली सिस्टर लागते. एकटा डॉक्टर काय करील? चिठ्ठी लिहील, अमरावतीला न्या. धारणीपासून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, मधे घाट. त्या गाडीत काय होतं ते कितीतरी घरांना माहीत आहे.

आमचं म्हणणं असं. तालुक्याच्या दवाखान्यात दोन बालरोगतज्ज्ञ, कायमच्या पदावर, म्हणजे एक रजेवर गेला तरी दुसरा राहील. नवजात बाळांची खोली रातदिवस चालू. केंद्रात त्यांनी ठरलेल्या वारी यायचं, आणि तो वार बाजाराचा असावा, कारण त्या दिवशी आई तशीही खाली उतरते. सोबत कोरकू बोलणारी बाई, पगारावर. नेमणूक निदान तीन वर्षांची. आणि राहायला धड घर. डॉक्टर पळून जातो असं आपण सगळे म्हणतो, पण त्याच्या क्वार्टरचं गळकं छत कुणी पाहिलंय का?

गावात मात्र डॉक्टरची वाट पाहून चालणार नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवलं, आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले. १९९९ साली ते छापूनही आलं. आपल्या आशाताईला श्वास मोजता आला पाहिजे. दोन महिन्यांच्या आतलं लेकरू शांत असताना मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेत असेल, तर त्याच घडीला निघायचं. नव्या डॉक्टरच्या कामात आशाताईंना शिकवणं हे लिहूनच घ्यावं.

आता आपली बाजू. भूमकाकडे जाऊ नका असं आम्ही म्हणत नाही, आमचेही आजोबा जात होते. पण पोट फुगलं म्हणून तापल्या विळ्याचा डंबा द्यायचा, तीन दिवस थांबायचं आणि चौथ्या दिवशी डॉक्टरवर ओरडायचं, हे कोर्टाला सांगून सुटणार नाही.

जागेचं तर आपल्याच हातात आहे. उपकेंद्राला वनखात्याची जमीन मिळत नाही असं कुणी सांगितलं, तर वनहक्क कायदा २००६ चं कलम ३(२) दाखवा. दवाखान्यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि शिफारस ग्रामसभेची लागते. साहेबाची नाही. पट्ट्यासाठी आपण इतकी वर्षं फायली वागवल्या, ही फाईल त्यामानानं पातळ आहे.

येत्या ग्रामसभेत जुना ठराव बदलून मांडा. त्यात बाजाराचा वार, गावापासून तालुक्याच्या दवाखान्याचं अंतर, आणि मागच्या पावसाळ्यात गावातली किती लेकरं गेली ते लिहा. सह्या-अंगठे बायांचे आधी घ्या. एक प्रत तहसीलला, एक आमच्याकडे.