शोधण्याची मजुरी

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. अकोल्याहून वाशिमला परतत होतो. पातूर मागे पडले, घाट सुरू झाला आणि पुढे कुठेतरी बंद पडलेल्या ट्रकमुळे वाहनांची रांग लागली. दहा पावले पुढे जायचे, पाच मिनिटे थांबायचे. मागच्या सीटवर सौभाग्यवती आणि तिच्या मांडीवर डोके ठेवून झोपलेली सहा वर्षांची नात. बाहेर वऱ्हाडातले ऊन. माझे लक्ष मात्र समोरच्या छोट्या काट्यावर होते. इंजिनाचे तापमान सांगणारा तो काटा मधली खूण सोडून लाल रेघेकडे सरकत होता, आणि बॉनेटखालून पंख्याची ओळखीची घरघर येत नव्हती.

दोन महिन्यांत हा पंखा तिसऱ्यांदा रुसला होता. आधीच्या दोन्ही वेळी मी त्याच्यासाठी पैसे मोजले होते.

ज्यांना मोटारीच्या पोटातले ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. इंजिनात तापलेले पाणी, म्हणजे आताच्या भाषेत कूलंट, रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून फिरते आणि वाऱ्याने थंड होते. ॲम्बेसिडर किंवा प्रीमियर पद्मिनीत पंखा इंजिनाच्या पट्ट्यावरच फिरायचा. इंजिन चालू की पंखा चालू. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 रस्त्यावर आली. तिचे इंजिन आडवे बसवलेले, त्यामुळे पंख्याला विजेची वेगळी मोटर द्यावी लागली. तेव्हापासून सामान्य घरातल्या गाडीचा पंखा गरजेपुरता फिरू लागला. तापमान नव्वदीच्या पुढे ठरावीक अंशावर गेले की तो लागतो, उतरले की थांबतो. म्हणून सकाळी किल्ली फिरवताच पंखा फिरला नाही, तर घाबरण्याचे कारण नाही. मोकळ्या रस्त्यावर समोरचा वाराच त्याचे काम करतो. पंख्याचा दोष उघडा पडतो तो गर्दीत, रेल्वे फाटकावर किंवा घाटात. काही नातेवाइकांसारखेच आहे हे. अडचण येईपर्यंत कळत नाही.

पहिल्या गॅरेजात ‘मोटर गेली’ असे सांगून मोटर बदलली. पंधरा दिवस ठीक गेले. दुसऱ्या गॅरेजात ‘सेन्सर गेला’ म्हणून सेन्सर बदलला. पुन्हा काही दिवस ठीक. दोन्ही ठिकाणी मी एकच प्रश्न विचारला होता, ‘किती होतील?’

घाटात मी एसी बंद केला आणि हीटर पूर्ण सोडला. इंजिनाची उष्णता तेवढीच आत ओढली जाते. नात घामाघूम होऊन रडत उठली. तिचे रडणे ऐकताना माझा मलाच राग आला. जागा मिळताच गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केले. एक भला माणूस रेडिएटरचे झाकण उघडायला धावला, दुसरा बाटलीभर गार पाणी इंजिनावर ओतायला. दोघांनाही हात जोडले. रेडिएटर म्हणजे कुकर. आत दाब असल्यामुळेच ते पाणी शंभर अंशांवरही उकळत नाही. झाकण उघडले की वाफेचा फवारा थेट तोंडावर. आणि तापलेल्या धातूवर गार पाणी पडले, तर त्याला तडा जाऊ शकतो. पाऊण-एक तास झाडाखाली बसलो. रांग सुटली, ऊन कलले, आणि मेडशीवरून हळूहळू मालेगाव गाठले.

तिथे रस्त्याच्या कडेला टिनाच्या शेडमध्ये एक मिस्त्री भेटले. पन्नाशीचे असावेत. मी अधीरपणे म्हटले, ‘मोटर नवी आहे, सेन्सर नवा आहे. आता काय बदलायचं ते बदला आणि मोकळं करा.’

ते हसले. ‘काका, गाडीले विचारल्याशिवाय काय बदलू?’

आणि ते गाडीला विचारू लागले. इंजिन थंड झाल्याची खात्री करून आधी पाण्याची पातळी पाहिली. पाणी कमी असेल तर सेन्सर कोरडा राहतो, त्याला उष्णता नीट कळत नाही आणि पंखा लागत नाही. पाणी पुरेसे होते. मग इंजिन सुरू करून एसी लावला. बहुतेक गाड्यांत एसी लावला की पंखाही लागतो. तो लागला नाही. म्हणजे सेन्सर सांगो की एसी सांगो, पंखा ऐकतच नव्हता. दोन साक्षीदार एकदमच खोटे बोलतील, हे कठीण. सेन्सर बहुधा निर्दोष. फ्यूज काढून पाहिला, शाबूत. रिलेवर बोट ठेवले, टक् असा आवाज आला. म्हणजे हुकूम तिथवर पोचत होता. मग इंजिन बंद करून बॅटरीवरून दोन वायरी थेट मोटरला लावल्या. पंखा गरकन फिरला. मोटरही निर्दोष.

उरली वाट. पंख्याच्या जोडाच्या दोन टोकांना त्यांनी टेस्ट लॅम्प लावला, तो पेटला नाही. मग लॅम्पचे एक टोक जोडावरून काढून बॅटरीच्या निगेटिव्हला लावले, आणि तो लख्ख पेटला. वीज येत होती. तिला परत जायला रस्ता नव्हता. अर्थिंगची वायर गाडीच्या पत्र्याला ज्या बोल्टने कसलेली असते, त्याखाली गंज धरला होता. पॉलिश पेपरने तो घासला, बोल्ट कसला, आणि पंखा लागला. नवे भाग बसवताना ती वायर दोनदा हलली असणार आणि जोड तात्पुरता जुळला असणार. मला वाटले, दुरुस्ती झाली.

मी चमकलो, कारण ही पद्धत माझ्या ओळखीची होती. बँकेत लागलो तेव्हा आमच्या शाखेत संगणक नव्हता. महिनाअखेरीस बचत खात्यांच्या लेजरांची बेरीज जनरल लेजरशी जुळवावी लागे. एकदा 270 रुपयांचा फरक आला. रात्रीचे नऊ वाजले होते. मी म्हटले, ‘साहेब, फरक सस्पेन्सला टाकू या.’ हेडक्लार्क म्हणाले, ‘नवानं भाग जातो का पाहा.’ गेला. नवाने भाग गेला की आकड्यांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यायचा, हा जुन्या कारकुनांचा ठोकताळा. अर्ध्या तासात सापडले: एका म्हाताऱ्या बाईंच्या खात्यात 630 चे 360 लिहिले होते. सस्पेन्सला टाकून घरी गेलो असतो, तर बेरीज जुळली असती आणि बाईंचे पैसे अडकून राहिले असते. कारण न शोधता भाग बदलणे म्हणजे फरक सस्पेन्सला टाकणेच. हे ज्याला तरुणपणी शिकवले, तो मी गॅरेजात मात्र दोनदा विसरलो.

आणि एवढे आठवूनही मी काय केले? मिस्त्रींनी दोनशे रुपये मागितले, तेव्हा तोंडातून निघून गेले, ‘एक बोल्ट कसायचे दोनशे?’

मिस्त्री काही बोलले नाहीत. सौभाग्यवती बोलली, ‘अहो, मोटरचे हजारो दिले तेव्हा तुमच्या तोंडून शब्द निघाला नव्हता.’

खरे होते. भाग हातात दिसतो, डब्यावर किंमत छापलेली असते. त्याचे पैसे आपण मुकाट्याने देतो. शोधणे दिसत नाही, त्याचे पैसे द्यायला जीव कासावीस होतो. औषध न लिहिता ‘काही झालेले नाही’ असे सांगणाऱ्या डॉक्टरची फीसुद्धा आपल्याला खुपते. मग गॅरेजवाल्याने काय करावे? तासभर डोके चालवले याची मजुरी मिळत नसेल, तर तो डोके चालवणे सोडेल आणि भाग विकेल. आपण त्याला लबाड म्हणतो; पण ती सवय त्याला लावण्यात आपलाही वाटा आहे. सगळेच तसे नसतात, हे मालेगावात पाहिले. पण प्रामाणिक माणसाचे पोटही प्रामाणिकपणावर भरायला हवे.

म्हणून माझे एवढेच म्हणणे आहे. गॅरेजात गेल्यावर ‘किती होतील?’ याच्या आधी ‘तपासलं कसं?’ हे विचारा. उत्तर नीट मिळाले, तर त्या तपासणीचे पैसे घासाघीस न करता द्या, एकही भाग बदलला नाही तरी द्या. एरवीही त्या काट्याकडे अधूनमधून पाहत जा. काटा नसेल तर तापमानाच्या लाल दिव्याकडे लक्ष असू द्या. मागच्या सीटवर कोणीतरी विश्वासाने झोपलेले असते.

मी दोनशे रुपये दिले आणि बिल मागितले. मिस्त्री गोंधळले; छापील बिलावर रकाने दोनच, ‘पार्ट’ आणि ‘मजुरी’. म्हणाले, ‘पार्ट तर काही टाकलाच नाही, काय लिहू?’

मी म्हटले, ‘मजुरीच्या रकान्यात लिहा, दोष शोधला.’

त्यांनी सावकाश, जपून अक्षर काढत तसे लिहिले. आधीची दोन्ही बिले कुठे गेली कोण जाणे. हे मात्र मी गाडीच्या कागदपत्रांत ठेवले आहे.